अंगठा

परीक्षेचा फॉर्म भरताना आपण ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणून सही करतो, ते संत गाडगे बाबा स्वतः शाळेत कधी गेलेच नाहीत. अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव २००५ साली मिळालं. मलाही बाबा म्हणजे खराटा, एवढंच माहीत होतं.

मागच्या वर्षी आमच्या मेसच्या मावशींनी एक कागद वाचायला माझ्याकडे दिला. नात्यातल्या एकाने कर्ज काढलं होतं आणि मावशी त्याला जामीन होत्या. खाली अंगठा त्यांचाच. आपण कशावर अंगठा दिला, हे त्यांना मी वाचून दाखवलं तेव्हा कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, पोळ्या लाटत राहिल्या. मला मात्र त्या रात्री सबमिशन सुचलं नाही. त्याच आठवड्यात लायब्ररीतून बाबांचं चरित्र आणलं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. डेबू मामाची गुरं राखायचा, मोठा झाल्यावर शेतात राबायचा. मामाची चांगली जमीन सावकाराच्या कर्जात गेली. कष्टात कमी नव्हती, पण कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणाला वाचता येत नव्हतं. इथे मी पुस्तक मिटलं. आमच्या मावशींचा कागद आठवला.

१९०५ साली डेबूजींनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटकं गाडगं, हातात खराटा. गावात गेले की आधी झाडायला लागायचे. कोणी सांगितलेलं नसायचं. पाहणाऱ्याला लाज वाटायची, मग तोही झाडू घ्यायचा. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेच्या काठावर लोकांचे हाल पाहिले आणि तिथे घाट बांधायला घेतला. दिवसा गाव स्वच्छ, रात्री कीर्तन. कीर्तनही कसं, तर आपल्या वऱ्हाडी बोलीत, लोकांनाच प्रश्न विचारत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, शिवाशिव पाळू नका, आणि घरातली ताटं विकावी लागली तरी चालेल पण पोराला शाळेत घाला, हा त्यांचा सांगावा. ऐकणारे बहुतेक निरक्षर. सांगणाराही त्यांच्यातलाच, म्हणून ते लोकांना पटायचं.

लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा, शाळा, वसतिगृहं उभी राहिली. स्वतःच्या कुटुंबासाठी त्यातलं काही घेतलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या शिक्षणासाठी देऊन टाकली. होस्टेलच्या खोलीवरून कुरकुर करताना आपण हे आठवावं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबांनी देह ठेवला.

पुस्तक संपलं तेव्हा आमची चूक लक्षात आली. एनएसएसच्या कॅम्पमध्ये आम्ही साक्षरता वर्ग काढला होता. बॅनर लावला, खडू-फळा नेला, भाषणं झाली. तिसऱ्या दिवशी वर्गात आम्हीच. लोक आळशी आहेत असं म्हणून परत आलो. पण ते दिवसभर कापूस वेचून आले होते, आणि आम्ही त्यांच्या कामाला हातही लावला नव्हता. बाबांनी आधी खराटा हाती घेतला, मग तोंड उघडलं. आम्ही उलटं केलं.

मग आम्ही चौघांनी मेसपासून सुरुवात केली. रात्री जेवणं आटोपली की आधी भांडी घासू लागायचं, मग अर्धा तास पाटी. पहिले आठ दिवस मावशी हसत होत्या. नंतर स्वतःच पाटी काढून बसायला लागल्या. चार महिन्यांनी पगाराच्या रजिस्टरवर त्यांनी सही केली. अक्षर वाकडं, पण पूर्ण नाव. जामीनकीचा हप्ता काही सुटला नाही, तो अजून चालूच आहे. पण आता कागद आला की मावशी आधी तो वाचतात, अडलं तर विचारतात.

पुढच्या वर्षी आम्ही चौघंही पास होऊन जाऊ. गेटवरचे काका आणि बांधकामावरची दोन माणसं नुकतीच बसायला लागली आहेत. ज्युनिअर मंडळींनो, पाट्या मेसच्या कपाटात आहेत. भांडी मात्र आधी घासावी लागतील.