जेम्स जॉन बर्कले : बोरघाटांतील लोहमार्गाचे शिल्पकार

रोह्याहून पेणमार्गें दिव्याकडे जाणाऱ्या आगगाडींत बसण्याचा योग आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस आला असेल. कुंडलिकेच्या कांठचें रोहें मागें पडतें, अंबेच्या कांठचें नागोठणें येतें, भाताचीं खाचरें पाहतां पाहतां पेण लागतें, आणि पुढें आपट्याजवळ पाताळगंगा ओलांडून गाडी पनवेलच्या वाटेस लागते. उजव्या हातास डोंगरांची सोबत असते. हा मार्ग तसा अलीकडचा. रोह्यास आगगाडी आली ती १९८६ सालीं, आणि रोह्याच्या दक्षिणेस कोंकण रेल्वे सर्वत्र खुली झाली ती १९९८ सालीं. परंतु जी पाताळगंगा आपण पुलावरून पाहतों, ती खंडाळ्याच्या डोंगरांतून खोपोलीवरून उतरून येते. आणि तिच्या त्या माथ्यावर सव्वाशें वर्षें आधीं एका स्थापत्यशास्त्रज्ञानें सह्याद्रीवर लोहमार्ग चढविण्याचें काम आरंभिलें होतें. त्या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

जेम्स जॉन बर्कले यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजीं लंडन शहराच्या हॉलोवे या भागांत झाला. त्यांचें शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजांत झालें. ते अकरा वर्षांचे होण्याच्या सुमारास, १८३० सालीं, लिव्हरपूल व मँचेस्टर या दोन शहरांमधील आगगाडी सुरू झाली, आणि साऱ्या इंग्लंडांत लोखंडी रस्त्यांचें युग अवतरलें. बुद्धिमान तरुणांचें लक्ष या नव्या विद्येकडे वेधलें जावें हें स्वाभाविकच होतें. बर्कले यांनीं विख्यात इंजिनीयर रॉबर्ट स्टीव्हन्सन यांच्या हाताखालीं उमेदवारी केली. गुरूचा शिष्यावर पूर्ण विश्वास बसला. पुढें हिंदुस्थानांत लोहमार्ग बांधण्यासाठीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही कंपनी निघाली व तिला मुख्य इंजिनीयर हवा होता, तेव्हां स्टीव्हन्सन यांनीं १८४९ सालीं बर्कले यांच्या नांवाची शिफारस केली. १८५० सालच्या आरंभीं बर्कले मुंबईस उतरले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें तीस वर्षांचें होतें.

मुंबईंत आगगाडी यावी म्हणून जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे येथील पुढारी पूर्वीपासून झटत होते. त्यांची ती इच्छा लवकरच सफल झाली. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी गेली. तीन इंजिनांनीं ओढलेल्या त्या गाडींत सुमारें ४०० निमंत्रित मंडळी होती. हें अंतर केवळ २१ मैलांचें, पण त्यानें पिढ्यान् पिढ्यांची कल्पना पालटली. पुढच्याच वर्षीं ठाण्याची खाडी ओलांडून मार्ग कल्याणास पोहोंचला, आणि १८५६ सालीं तो घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस येऊन थांबला.

तो तेथें थांबला, कारण पुढें सह्याद्रि उभा होता. कोंकण व देश यांच्यामधील ही भिंत वाचकांस नवी नाहीं. बोरघाटांतून १८३० सालीं गाडीरस्ता झाला होता खरा, परंतु देशावरचा कापूस मुंबईच्या बंदरीं आणतांना बैलांचे व गाडीवानांचे हाल होत, आणि पावसाळ्यांत तर वाहतूक जवळजवळ बंदच पडे. बैलगाडीस चालणारा चढ आगगाडीस चालत नाहीं. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरतें. चढ थोडा अधिक झाला कीं चाक जागच्या जागीं घसरूं लागतें. म्हणून सुमारें दोन हजार फूट उंचीचा कडा हळूहळू, लांब वळसे घेत चढावयाचा होता. आरंभीं माळशेज घाटानें वर जाण्याचा विचार होता. बर्कले यांनीं पाहणी करून तो मार्ग टाकून दिला, आणि नाशिककडे थळघाट व पुण्याकडे बोरघाट असे दोन मार्ग निश्चित केले.

ही निवड कांहीं टेबलापाशीं बसून झालेली नव्हती. त्यांस व त्यांच्या साहाय्यकांस महिनेचे महिने रानांतून, जेथें पायवाटहि नाहीं अशा कड्यांवरून हिंडावें लागलें. एका मार्गाची मापें घ्यावीं, उणीव दिसली कीं ती रेषा पुसून दुसरी आंखावी, असा त्यांचा क्रम चालला होता. अखेर जो मार्ग ठरला तो सुमारें पावणेसोळा मैल लांबीचा होता आणि तेवढ्या अंतरांत तो १८३१ फूट वर चढत असे. त्यांत २५ बोगदे, दऱ्यांवरील ८ उंच पूल आणि २२ लहान पूल होते. सर्वांत अवघड ठिकाणीं ३७ फूट पुढें गेल्यावर मार्ग १ फूट वर चढे. एके ठिकाणीं डोंगराच्या सोंडेवर गाडीस वळण्यापुरतीहि जागा नव्हती. तेथें गाडी थांबवावयाची, इंजिन एका टोंकाकडून काढून दुसऱ्या टोंकास जोडावयाचें, आणि उलट दिशेनें पुढचा चढ चढावयाचा, अशी युक्ति बर्कले यांनीं योजिली.

काम १८५६ च्या जानेवारींत सुरू झालें. घाटमाथ्यावरचा खंडाळा ते पुणें हा मार्ग १८५८ सालीं खुला झाला, पण मधला घाट तयार नव्हता. त्यामुळें उतारूंनीं खोपोलीपर्यंत आगगाडीनें यावें, तेथून पालखींत, खुर्चींत अथवा तट्टावर बसून घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडींत बसावें, असा प्रकार कित्येक वर्षें चालला होता.

आतां आम्हांस जें सांगावयाचें आहे तें ऐकतांना मन खिन्न होतें. कड्याला सुरुंग लावण्यासाठीं मजुरांस वरून दोरानें खालीं सोडीत. पाय टेकावयास जागा नसे. लोंबकळतच पहार चालवावी लागे. दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसें बायकामुलांसह चालत आलीं होतीं. १८६१ सालीं एका वेळीं ४२,००० हून अधिक माणसें या घाटांत राबत होतीं. पावसाळ्यांत काम थांबे, आणि उघाडींत पटकी व ताप येत. त्यांत हजारों माणसें मेलीं. १८५९ च्या जानेवारींत मजुरी थकल्यामुळें दंगा झाला; त्याच वर्षीं पहिल्या कंत्राटदारानें काम सोडलें. दुसरे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे हिंदुस्थानांत येऊन थोड्याच दिवसांत मरण पावले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल या तरुण विधवेनें स्वदेशीं परत न जातां पतीचें कंत्राट आपल्या नांवानें पुढें चालविलें, दोन अनुभवी इंजिनीयरांस व्यवस्था सोंपविली, आणि काम शेवटास नेलें. ही हकीकत आमच्या शाळेंतील मुलींनीं अवश्य लक्षांत ठेवावी.

बर्कले यांचा स्वभाव आपली विद्या झांकून ठेवण्याचा नव्हता. मुंबईंतील यंत्रविद्येच्या संस्थेपुढें त्यांनीं आपल्या घाटमार्गाविषयीं निबंध वाचला, आणि १८६० सालीं लंडनच्या स्थापत्यशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढें या साऱ्या कामाचें वर्णन सादर केलें. जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदारानें याच लोहमार्गाचे दुसरे भाग उत्तम बांधले होते. त्यांच्या कामाची बर्कले यांनीं मोकळ्या मनानें प्रशंसा केली. हिंदी माणसाच्या हातून एवढीं मोठीं कामें होणार नाहींत असें म्हणणारांचा त्या काळीं तुटवडा नव्हता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या प्रशंसेची किंमत कळते.

परंतु सतत श्रम व येथील हवा यांनीं त्यांचें शरीर पोखरलें होतें. १८६१ सालीं प्रकृति फारच ढासळल्यामुळें त्यांस स्वदेशीं परतावें लागलें. घाटाचें काम तेव्हां अखेरच्या टप्प्यावर आलें होतें. २५ ऑगस्ट १८६२ रोजीं लंडनजवळील सिडनॅम येथें त्यांचा अंत झाला. त्यांस त्रेचाळिसावें वर्ष चालू होतें. पुढें आठ महिन्यांनीं, २१ एप्रिल १८६३ रोजीं, मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें बोरघाटाचा मार्ग खुला झाला. ज्यांनीं तो आंखला ते त्या गाडींत नव्हते.

काम निर्दोष होतें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. १८६७ सालीं घाटांतील एक उंच दगडी पूल ढासळला व तो नव्यानें बांधावा लागला. इंजिन फिरविण्याची ती जागाहि १९२९ च्या सुमारास नवा मार्ग काढून बंद करण्यांत आली, आणि त्याच सुमारास घाटांत विजेचीं इंजिनें आलीं. असें असलें तरी मुंबईहून पुण्यास जाणारी गाडी आजहि बर्कले यांनीं निवडलेल्या त्याच घाटानें चढते.

या चरित्रापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत असें आम्हांस वाटतें. पहिली ही, कीं बर्कले यांनीं आपलें काम इतकें नीट मोजून, आंखून व लिहून ठेविलें होतें कीं त्यांच्यावांचूनहि तें पुरें होऊं शकलें. वहीवर आंकडा मांडतांना, नकाशावर रेघ ओढतांना आमच्या विद्यार्थ्यांनीं या गोष्टीचें स्मरण ठेवावें. दुसरी ही, कीं एका बर्कले यांचें नांव इतिहासांत राहिलें, पण दोरानें लोंबकळून ज्यांनीं खडक फोडला त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. मुख्य इंजिनीयराची कीर्ति गातांना त्या अनामिक मजुरांस विसरणें हा कृतघ्नपणा होईल.

पुढच्या सुटींत आपट्याजवळील पुलावरून जाल, तेव्हां पूर्वेकडे दृष्टि टाका. पाताळगंगेचें पाणी ज्या डोंगरांतून येतें, तेथेंच हीं माणसें खपलीं. आपला प्रवास सुखाचा झाला आहे, त्यांत त्यांच्या श्रमाचा वांटा आहे.