अँडर्स सेल्सिअस

जळगांव-धुळ्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढला कीं आम्ही डोक्यास रुमाल बांधल्याविना बाहेर पडत नाहीं. पौषांत तो १० अंशांपर्यंत उतरला कीं घोंगड्या निघतात. हे अंश ज्यांच्या नांवें ओळखले जातात, त्या सेल्सिअस यांचा जन्म स्वीडन देशांतील उप्साला येथें १७०१ सालीं झाला. तेथील विद्यापीठांत ते ज्योतिषशास्त्राचे अध्यापक होते. १७३६ सालीं पृथ्वीचा आकार निश्चित करण्यासाठीं निघालेल्या मंडळींसमवेत ते लॅपलंडच्या हिमप्रदेशांत गेले.

फॅरनहाइट यांच्या मापनांत पाणी ३२ अंशांवर गोठतें व २१२ अंशांवर उकळतें. त्यानुसार आमचा उन्हाळा ११३ अंशांचा व हिवाळा ५० अंशांचा. सेल्सिअस यांनीं १७४२ सालीं गोठणें व उकळणें यांमध्यें सरळ शंभर भाग कल्पिले; मात्र शून्य उकळण्यास आणि शंभर गोठण्यास दिले! त्या हिशेबानें आमचा उन्हाळा ५५ व हिवाळा ९० अंशांचा ठरता.

१७४४ सालीं, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षीं, क्षयानें त्यांचा अंत झाला. उप्साला येथें तें मापन सुलट झालें तें त्यांच्या पश्चात्. अपुरें राहिलेलें सत्कार्य मागून येणारे पुरें करितात, हाच बोध आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनीं यांतून घ्यावा.