मालकांना जबाबदारीची जाणीव देणारे लोखंडे

भारतीय कामगार चळवळीचे जनक रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. मुंबईच्या गिरणीत भांडारपाल असताना त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. १८८० मध्ये त्यांनी ‘दीनबंधू’ची सूत्रे हाती घेतली, १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभारली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या अर्जात रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होतीच. पण कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय, ही मागणी काळाच्या कितीतरी पुढची होती. नुकसानभरपाईचा कायदा झाला तो १९२३ मध्ये!

मालक सहजासहजी बधले नाहीत. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्यानेही साप्ताहिक सुटी दिली, मात्र वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले. कपाशीच्या हंगामापुरते चालणारे अकोला, अमरावतीकडील जिनिंग कारखाने त्यामुळे निसटले. त्यांना कक्षेत आणणारा कायदा १९११ मध्ये आला. लोखंडे तोवर हयात नव्हते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने त्यांचा बळी घेतला होता.