विष्णू श्रीधर वाकणकर

विष्णू श्रीधर वाकणकर (४ मे १९१९, नीमच – एप्रिल १९८८, सिंगापूर) हे भारतीय पुरातत्त्वज्ञ, चित्रकार, नाण्यांचे अभ्यासक आणि प्रागैतिहासिक शैलचित्रांचे संशोधक होते. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील चित्रित शैलाश्रय १९५७ मध्ये त्यांनी विद्वज्जगताच्या नजरेस आणले. भारतातील शैलचित्रांची कालक्रमानुसार मांडणी करण्याचा पहिला व्यापक प्रयत्न त्यांचाच आहे. माळव्यात ते हरिभाऊ या नावाने परिचित होते. भारत सरकारने १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

पूर्वपीठिका

वाकणकरांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्यांच्या आधीचा इतिहास थोडा पाहावा लागतो. भारतातील प्राचीन शैलचित्रे आर्चिबाल्ड कार्लाईल या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७-६८ मध्येच मिर्झापूर भागातील डोंगरांत पाहिली होती. स्पेनमधील अल्तामिरा गुहेचे छत सॉतुओला यांनी पाहिले ते त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी, १८७९ मध्ये. सॉतुओला यांनी आपला शोध लगेच प्रसिद्ध केला, तरी युरोपातील विद्वानांनी ती चित्रे बनावट ठरविली आणि आपली चूक कबूल करण्यास त्यांना १९०२ साल उजाडले. कार्लाईल यांच्या वाट्याला अशी अवहेलनाही आली नाही. त्यांची टिपणे अप्रकाशितच राहिली आणि ती १९०६ मध्ये छापली गेली. पुढे जॉन कॉकबर्न, पंचानन मित्र, मनोरंजन घोष आणि डी. एच. गॉर्डन यांनी निरनिराळ्या स्थळांची नोंद केली. गॉर्डन यांच्यासारखे अभ्यासक मात्र ही चित्रे फार जुनी नसावीत या मताचे होते. चित्रे सापडत होती, परंतु ती किती जुनी आणि कोणती आधीची, कोणती नंतरची, हे सांगणारी पद्धत कोणाजवळ नव्हती.

भीमबेटका हे नावही संशोधनाला अगदीच अपरिचित नव्हते. डब्ल्यू. किंकेड या अधिकाऱ्याने १८८८ मधील एका लेखात स्थानिक आदिवासींकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे त्याचा बौद्ध स्थळ म्हणून उल्लेख केला होता. त्या टेकड्यांच्या आसमंतात राहणाऱ्या गोंड आणि कोरकू लोकांना ते खडक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. भीमाची बैठक हे नाव लोकांनीच दिलेले. तेव्हा वाकणकरांनी भीमबेटका शोधले असे म्हणताना, त्या खडकांवरील चित्रांचे महत्त्व प्रथम त्यांनी ओळखले, एवढाच अर्थ घ्यावयास हवा. तो अर्थ लहान नाही.

जीवन आणि शिक्षण

वाकणकरांचा जन्म माळव्यातील नीमच येथे एका मराठी कुटुंबात झाला. मराठेशाहीच्या विस्तारानंतर माळव्यात स्थिरावलेल्या मराठी समाजाचे ते प्रतिनिधी होत. त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले होते. उज्जैन येथे त्यांनी भारती कला भवन ही कलाशिक्षणाची संस्था चालविली आणि पुढे विक्रम विद्यापीठात पुरातत्त्व संग्रहालय व उत्खनन यांचे काम पाहिले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी त्यांचा दीर्घकाळ संबंध होता. माळव्यातील आदिवासींच्या शिक्षणासाठीही त्यांनी काम केले.

पुरातत्त्वाचे प्रत्यक्ष शिक्षण त्यांना उत्खननाच्या खड्ड्यांतच मिळाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली नर्मदाकाठी महेश्वर आणि नावडातोली येथे झालेल्या उत्खननांत त्यांनी भाग घेतला. डेक्कन कॉलेजशी जुळलेला हा धागा शेवटपर्यंत टिकला. भारतातील चित्रित शैलाश्रयांवरील त्यांच्या प्रबंधाला १९७३ मध्ये पुणे विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्या वेळी ते पन्नाशी ओलांडलेले होते आणि प्रबंधाचा विषय त्यांनी त्याआधी जवळजवळ वीस वर्षे पायी फिरून गोळा केलेला होता.

भीमबेटकाचा शोध

शैलचित्रांचा ध्यास त्यांना १९५४ च्या सुमारास लागला. मंदसौर जिल्ह्यातील भानपुरा, मोडी आणि चंबळेचे खोरे हा त्यांचा आरंभीचा प्रदेश. १९५७ मध्ये भोपाळहून इटारसीच्या दिशेने आगगाडीने जात असताना त्यांना दूरवर जंगलातून वर आलेले खडकांचे उंच सुळके दिसले. प्रचलित कथेनुसार, स्पेन व फ्रान्समधील चित्रित गुहांच्या खडकांशी असलेले साम्य त्यांना जाणवले आणि पुढे ते जंगल तुडवीत तेथे पोहोचले. या कथेतील युरोपीय तुलनेचा भाग सावधपणे घ्यावा. इंग्लंड आणि फ्रान्समधील उत्खननांत वाकणकर सहभागी झाले ते १९६१-६२ मध्ये, म्हणजे या प्रवासानंतर. चंबळेच्या खोऱ्यात तीन वर्षे हिंडलेल्या माणसाला गाडीच्या खिडकीतून खडकाचा प्रकार ओळखता आला, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते.

भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात हे स्थळ आहे. भीमबेटका, विनायका, भौंरावली, लाखाजुआर इत्यादी टेकड्यांवर मिळून सातशेहून अधिक शैलाश्रय असून त्यांपैकी सुमारे चारशेंत चित्रे आहेत. वाकणकरांनी त्यांना क्रमांक देण्याची जी पद्धत घातली ती आजही वापरात आहे. टेकडीला अंक, तिच्यावरील समूहाला अक्षर आणि आश्रयाला पुन्हा अंक अशी ती रचना आहे. उदाहरणार्थ, तीन-एफ-२४ म्हणजे तिसऱ्या टेकडीवरील एफ समूहातील चोविसावा आश्रय.

महाराष्ट्रातील वाचकाने येथे एक फरक ध्यानात ठेवावा. पिंपरी-चिंचवडजवळची घोराडेश्वराची लेणी माणसाने छिन्नीने बसाल्टमध्ये खोदलेली आहेत. भीमबेटकाचे आश्रय निसर्गनिर्मित आहेत. विंध्य पर्वताचा वालुकाश्म ऊन, वारा आणि पाणी यांनी झिजून पुढे झुकलेली छते तयार झाली आणि त्यांच्या कोरड्या, फिकट पृष्ठभागावर चित्रे टिकली. चाकण, देहू किंवा एकूणच दख्खनच्या काळ्या पाषाणात असे आसरे विरळा तयार होतात. विद्यार्थ्यांच्या निबंधांत भीमबेटकाची लेणी असा उल्लेख वारंवार आढळतो, तो याच कारणाने चुकीचा आहे. महाराष्ट्रात चित्रित शैलाश्रय आढळले आहेत ते अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील सातपुड्यात, म्हणजे खडक बदलतो तेथे. कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर चित्रांऐवजी कातळशिल्पे कोरलेली आहेत.

नकला आणि कालक्रम

वाकणकरांचे वेगळेपण त्यांच्या हातात होते. छायाचित्रात पुसट रेषा आणि एकावर एक आलेले रंग अनेकदा एकच डाग होऊन जातात. चित्रकार मात्र नक्कल करताना प्रत्येक रेषेचा माग काढतो आणि कोणती रेषा कोणत्या रेषेला झाकून गेली आहे हे त्याला ठरवावेच लागते. झाकलेले चित्र जुने आणि झाकणारे नंतरचे, हे तत्त्व साधे आहे. एका भिंतीवर ते फारसे काही सांगत नाही. शेकडो भिंतींवर तोच क्रम पुन:पुन्हा आढळला की त्याला पुराव्याचे बळ येते. वाकणकरांनी देशभर हिंडून हजारो चित्रांच्या नकला केल्या त्या यासाठी.

या क्रमाला त्यांनी अन्य पुराव्यांची जोड दिली. काही चित्रांतील नक्षी माळव्यातील ताम्रपाषाणयुगीन रंगीत मृद्भांडांवरील नक्षीशी जुळते. घोडेस्वार, तलवारी आणि ढाली असलेली चित्रे ऐतिहासिक काळातील ठरतात. अशा रीतीने त्यांनी उत्तर पुराश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे टप्पे कल्पिले. पहिल्या टप्प्यात हिरव्या व गडद तांबड्या रंगांतील रेषात्म आकृती आणि गवा, गेंडा, वाघ यांची मोठी चित्रे. दुसऱ्यात मध्याश्मयुगातील लहान, चपळ शिकारी, नर्तक, गर्भवती स्त्रिया आणि शिकारीचे प्रसंग. त्यानंतर ताम्रपाषाणयुग, आद्य ऐतिहासिक काळ आणि मध्ययुग. अमेरिकन प्राध्यापक रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतातील अश्मयुगीन चित्रांवरील इंग्रजी ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले जाण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

उत्खनन आणि मतभेद

भिंतीवरील रंगांना जमिनीतील स्तरांचा आधार मिळावा म्हणून १९७० नंतर भीमबेटकात उत्खनने सुरू झाली. वाकणकरांनी इतर आश्रयांबरोबर तीन-एफ-२४ हा प्रशस्त आश्रय खोदला. त्याच्या शेजारचा तीन-एफ-२३ डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनी १९७३ ते १९७७ या काळात खोदला. तेथे पूर्व पुराश्मयुगातील हातकुऱ्हाडींपासून मध्याश्मयुगातील सूक्ष्म हत्यारांपर्यंत वस्तीचा अखंड क्रम मिळाला. म्हणजे मनुष्य या खडकांच्या आसऱ्याला चित्रे काढण्यापूर्वी कित्येक सहस्रके राहत होता.

चित्रे नेमकी केव्हा सुरू झाली, यावर मात्र एकमत झाले नाही. गेरूसारखे रंग खनिज असल्याने त्यांवर कार्बन-१४ पद्धत थेट लागू पडत नाही. उत्तर पुराश्मयुगीन स्तरात मिळालेले हिरव्या रंगाचे खडे हा वाकणकरांचा मुख्य आधार होता. त्याच रंगाच्या नर्तकाकृती भिंतीवर आहेत, म्हणून त्या तितक्याच जुन्या, असे त्यांचे अनुमान. पुण्यातच डॉक्टरेट केलेले यशोधर मठपाल यांनी भीमबेटकाच्या चित्रांच्या स्वतः नकला करून, चित्रकलेचा आरंभ मध्याश्मयुगापूर्वी नेता येत नाही असा निष्कर्ष काढला. मिश्र यांचाही कल तिकडेच होता. मठपालही चित्रकार होते, त्यामुळे हा वाद हाताने नकला करणाऱ्या दोघांतील होता, हे विशेष. स्तरातील रंगाचा खडा रंगाचा वापर सिद्ध करतो, भिंतीवरील विशिष्ट चित्राचे वय नव्हे, हा आक्षेप वजनदार आहे. दुसऱ्या बाजूने, जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे, रेषा कोरलेले शहामृगाच्या अंड्याचे कवच मिळालेले आहे. त्या काळात भारतात कलानिर्मिती होत होती याची साक्ष ते देते. वाकणकरांचे पहिल्या टप्प्याविषयीचे मत अद्याप सिद्ध झालेले नाही आणि पूर्णपणे फेटाळलेही गेलेले नाही.

कायथा आणि इतर संशोधन

शैलचित्रांच्या प्रसिद्धीमुळे वाकणकरांचे दुसरे मोठे काम झाकोळले गेले आहे. उज्जैनपासून सुमारे २५ किलोमीटरवर, छोट्या काली सिंध नदीकाठी असलेल्या कायथा या गावाचे पांढरीचे टेकाड त्यांनी १९६४ मध्ये शोधले आणि १९६५-६६ मध्ये त्याचे उत्खनन केले. १९६८ मध्ये डेक्कन कॉलेजच्या झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी तेथे पुन्हा उत्खनन केले. त्यातून माळव्यातील सर्वांत जुनी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती उजेडात आली. तिला कायथा संस्कृती असेच नाव मिळाले. तिचा काळ साधारण इ. स. पू. २४०० ते २००० मानतात. साच्यात ओतलेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी, तांब्याच्या बांगड्या आणि मडक्यांत जपून ठेवलेले मण्यांचे हार येथे सापडले. वराहमिहिराचे कपित्थक ते हेच, असेही मानले जाते.

याखेरीज इंद्रगड, मनोटी, आवरा, मंदसौर, आझादनगर, दंगवाडा आणि रुणिजा येथील उत्खननांत त्यांचा सहभाग होता. त्यांनी हजारो प्राचीन नाणी जमविली. उज्जैनजवळील डोंगला येथून कर्कवृत्त जाते हे त्यांनी दाखविले. तेथे पुढे वेधशाळा उभी राहिली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कार भारतीच्या संस्थापकांत ते होते. १९८५ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली आदिबद्रीपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सरस्वती नदीच्या लुप्त प्रवाहाचा शोध घेणारी यात्रा झाली. घग्गर-हाक्रा म्हणजेच वैदिक सरस्वती, या समीकरणावर विद्वानांत आजही मतभेद आहेत.

निधन आणि त्यानंतर

एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूरच्या दौऱ्यावर असताना वाकणकरांचे निधन झाले. ते अडुसष्ट वर्षांचे होते. मध्य प्रदेश शासनाने त्यांच्या नावाने पुरातत्त्व क्षेत्रासाठी राष्ट्रीय सन्मान सुरू केला. भीमबेटका १९९० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आले आणि २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

त्यांच्या खड्ड्यांतून मिळालेल्या पुराव्याचा अभ्यास त्यांच्यामागेही चालू राहिला. तीन-एफ-२४ मध्ये वाकणकरांनी खोदलेल्या स्तरांत उघड्या पडलेल्या खडकावर वाटीसारखा एक खळगा आणि त्याच्याजवळ एक वळणदार रेषा आहे. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील संशोधक रॉबर्ट बेडनारिक यांनी त्या खुणा मानवनिर्मित असून पूर्व पुराश्मयुगातील, म्हणजे भिंतीवरील कोणत्याही चित्रापेक्षा पुष्कळ जुन्या असल्याचे मत मांडले. हे मतही वादग्रस्त आहे. तो खडक मूळ जागी, खड्ड्यात आजही पाहता येतो.