कालुगाचे गणितशिक्षक

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावच्या शिवारात शरद ऋतूच्या निरभ्र संध्याकाळी उभे राहिले, तर एखादा तेजस्वी ठिपका आकाश ओलांडून जाताना कधी कधी दृष्टीस पडतो. तो तारा नव्हे. ते अंतराळस्थानक असून त्यात २००० सालापासून माणसे आळीपाळीने राहत आली आहेत. पृथ्वीबाहेरील अशा घराचा विचार ज्यांनी फार पूर्वी केला, ते रशियातील एका शाळेत गणित शिकवीत असत.

कॉन्स्टन्टिन त्सिओल्कोव्हस्की यांचा जन्म १८५७ साली झाला. बालपणी तीव्र ज्वर येऊन त्यांची श्रवणशक्ती बहुतेक नाहीशी झाली व शाळा सुटली. सोळाव्या वर्षी ते मॉस्कोस गेले. तेथे केवळ पावावर दिवस काढून ते पुस्तके व रसायने विकत घेत आणि सारा दिवस ग्रंथालयात घालवीत. पुढे परीक्षा देऊन ते शिक्षक झाले व १८९२ साली कालुगा या नगरात स्थायिक झाले.

अवकाशात हवा नाही. मग यान पुढे कसे जाणार? अग्निबाण मागे वायू फेकतो व त्यामुळेच स्वतः पुढे सरकतो, हे त्यांनी ओळखले. किती इंधनास किती वेग मिळेल, याचे गणित १९०३ साली प्रसिद्ध केले. पण नुसते पोहोचून काय उपयोग? तेथे जगावयास हवा व अन्न हवे. त्यासाठी त्यांनी सूर्यप्रकाशात वाढणाऱ्या काचघरातील बागा योजिल्या. सूर्यही एके काळी निवेल, तेव्हा मानवजातीने अन्यत्र वसावे, असे त्यांचे मत होते.

१९०८ साली ओका नदीचा पूर त्यांच्या घरात शिरला व अनेक कागद नष्ट झाले. पृथ्वी सोडण्याचा विचार सांगणाऱ्या या गृहस्थांनी कालुगा मात्र सोडले नाही! घरावर मजला चढविला आणि तेथे बसून ते पुन्हा लिहू लागले. पुढे १९२८ साली त्यांनी पृथ्वीवरील वाळवंटेही काचेच्या छपराखाली आणून, पाणी वाया न घालविता, तेथे बागा फुलविण्याची योजना मांडली. वैशाखात विहिरी तळाला गेलेल्या पाहणाऱ्यांस तिचे मोल सांगावयास नको. अवकाशासाठी कल्पिलेली बाग अशी पृथ्वीच्याच कामी येणार होती.

१९३५ साली कालुगा येथेच त्यांचे निधन झाले. पहिला कृत्रिम उपग्रह १९५७ साली आकाशात गेला, तेव्हा त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली होती. पुरानंतर मजला चढविलेले ते घर आता संग्रहालय आहे.