राजाशिवाय जगणाऱ्या शहरानं टाऊन हॉल बांधला, पण तोच पुढे राजवाडा झाला. बांधणारा होता याकोब व्हान काम्पेन

नेदरलँड्सच्या ॲमस्टरडॅम शहरात डॅम नावाचा मोठा चौक आहे. या चौकात एक भव्य दगडी इमारत उभी आहे. आज ती राजवाडा म्हणून ओळखली जाते. परदेशी पाहुणे आले की राजा इथेच त्यांचं स्वागत करतो. ३० एप्रिल २०१३ ला राणी बेआट्रिक्स यांनी गादी सोडल्याच्या कागदावर सही केली, तीही याच इमारतीत.

गंमत अशी, की ही इमारत राजासाठी बांधलेलीच नव्हती. तो होता शहराचा टाऊन हॉल, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेची इमारत. आणि ज्या लोकांनी ती बांधली, त्यांच्या देशाला राजाच नव्हता.

या इमारतीचा आराखडा काढणाऱ्या माणसाचं नाव याकोब व्हान काम्पेन.

याकोबचा जन्म १५९६ सालचा, हार्लेम गावातला. घर खातंपितं होतं, त्यामुळे पोटापाण्याची चिंता नव्हती. तो शिकला चित्रकला. १६१४ मध्ये हार्लेमच्या चित्रकारांच्या संघात त्याचं नाव नोंदवलं गेलं. पुढे अमर्सफोर्टजवळची रांडनब्रूक ही जहागीर आईकडून त्याच्याकडे आली. म्हणजे माणूस कसा, तर हौसेनं काम करणारा, कुणाच्या पगारावर नसलेला.

चित्रं काढता काढता तो इमारतींकडे वळला. इटलीच्या पल्लादिओ आणि स्कामोत्सी या वास्तुविशारदांच्या ग्रंथांचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता. खांबांची उंची किती, खिडक्यांमधलं अंतर किती, खोलीची लांबी-रुंदी कोणत्या प्रमाणात, हे सगळं गणितानं ठरवायचं ही त्यांची शिकवण. तोवर हॉलंडमध्ये टोकदार शिखरांची, नक्षीनं भरलेली विटांची घरं बांधायची पद्धत होती. याकोबनं साधी, सरळ, प्रमाणबद्ध इमारत आणली. आज त्या शैलीला डच क्लासिसिझम म्हणतात.

हेग शहरातलं मॉरित्सहाउस हे त्याचंच काम. मोत्याची कुडी घातलेल्या मुलीचं व्हर्मेरचं जगप्रसिद्ध चित्र आज तिथेच आहे. ते घर बांधून घेणारा योहान मॉरित्स हा डचांच्या ताब्यातल्या ब्राझीलचा गव्हर्नर होता. तिथली साखर गुलामांच्या घामातून निघत होती, हेही विसरून चालत नाही.

ॲमस्टरडॅमचं नवं नाट्यगृहसुद्धा याकोबनंच बांधलं, ते १६३८ मध्ये सुरू झालं. शिवाय ऑरेंज घराण्याची कामं त्याच्याकडे होतीच. हे घराणं म्हणजे देशाचे सेनापती. नावाला राजे नव्हते, पण रुबाब राजाचाच.

आता वळूया टाऊन हॉलकडे.

स्पेनच्या राजाविरुद्ध डचांनी ८० वर्षं लढा दिला. १६४८ मध्ये म्युन्स्टरला तह झाला आणि स्पेननं त्यांचं स्वातंत्र्य मान्य केलं. त्या काळात ॲमस्टरडॅम हे जगातलं फार मोठं व्यापारी शहर होतं. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तिथून निघायची ती थेट आशियात. आपल्या वेंगुर्ल्यातली डच वखार याच कंपनीची.

पण एवढ्या श्रीमंत शहराचा कारभार चालायचा एका मोडकळीला आलेल्या मध्ययुगीन इमारतीतून. ती पुरतही नव्हती आणि शोभतही नव्हती. शेवटी शहराच्या कारभाऱ्यांनी नवी इमारत बांधायचं ठरवलं आणि काम याकोबकडे दिलं.

पहिली अडचण जमिनीची. ॲमस्टरडॅमखाली मऊ, दलदलीची माती. तिच्यावर दगडी इमारत ठेवली तर ती खचणारच. म्हणून खालच्या घट्ट वाळूच्या थरापर्यंत लाकडाचे ओंडके ठोकले गेले. किती? १३,६५९. हा आकडा डच शाळकरी मुलांना पाठ करायला एक युक्ती शिकवतात. वर्षाचे दिवस ३६५, त्याच्या आधी १ लिहा आणि शेवटी ९. झाला आकडा तयार. हे लाकूड कायम भूजलाखाली राहतं, त्याला हवा लागत नाही, म्हणून ते कुजत नाही. आजही इमारतीचा भार त्यावरच आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पायाभरणी झाली. ती कारभाऱ्यांच्या घरातल्या ४ लहान मुलांच्या हातून करून घेतली.

याकोबनं या इमारतीत एक अख्खं जग मांडलं. आत शिरलं की सुमारे २७ मीटर उंचीचा प्रचंड दिवाणखाना लागतो, त्याचं नाव नागरिकांचं दालन. त्याच्या संगमरवरी फरशीत पृथ्वीचे दोन गोलार्ध आणि ताऱ्यांचा नकाशा कोरलाय. थोडक्यात काय, तर ॲमस्टरडॅमच्या साध्या माणसाच्या पायाखाली सगळं जग. मागच्या बाजूला छपरावर खांद्यावर गोल पेलणारा ॲटलास उभा आहे. त्याच्या खालच्या शिल्पात वेगवेगळे खंड ॲमस्टरडॅमसाठी माल घेऊन आलेत. मूर्तिकामाची धुरा अँटवर्पहून आलेल्या आर्टुस क्वेलिनस या शिल्पकारानं सांभाळली.

खोल्यांवरची शिल्पं तर फारच बोलकी. दिवाळखोरीच्या कचेरीच्या दारावर रिकामी तिजोरी आणि कागद कुरतडणारे उंदीर आहेत. तळमजल्यावर फाशीची शिक्षा सुनावायची जागा होती. तिथे भिंतीवरच्या दगडी बायका शरमेनं तोंड झाकून उभ्या आहेत. ही जागा चौकातून लोकांना दिसेल अशी ठेवली होती, म्हणजे न्याय बंद दाराआड होऊ नये.

एवढ्या मोठ्या इमारतीला एक गोष्ट मात्र नाही, ती म्हणजे भव्य महादरवाजा. समोर आहेत ७ छोटी दारं. डच प्रजासत्ताकात प्रांतही ७ होते.

काम सुरू असताना संकटं काही थांबली नाहीत. १६५० मध्ये ऑरेंज घराण्याच्या विल्यम दुसरा यानं ॲमस्टरडॅमला वठणीवर आणायला फौज धाडली. शहरानं वेशी बंद केल्या आणि वेळ निभावली. १६५२ मध्ये इंग्लंडशी युद्ध पेटलं, खर्चाची ओढाताण झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये जुना टाऊन हॉल जळून खाक झाला. रेम्ब्रांटनं त्या भग्न अवशेषांचं रेखाचित्र काढलं.

आता नव्या इमारतीची घाई झाली आणि नेमकं तेव्हाच बिनसलं. आराखडा याकोबचा असला, तरी रोजच्या बांधकामावर नेमणूक होती शहराच्या पगारी माणसाची, डॅनियल स्टालपार्टची. वाद वाढत गेले. १६५४ मध्ये याकोबनं काम सोडलं आणि तो आपल्या जहागिरीला निघून गेला.

२९ जुलै १६५५ ला टाऊन हॉलचं थाटात उद्घाटन झालं. तेव्हा इमारत अर्धवटच होती, वरचा घुमटसुद्धा झाला नव्हता. लोक मात्र तिला जगातलं आठवं आश्चर्य म्हणू लागले.

याकोबला ती पूर्ण झालेली बघायला मिळाली नाही. १३ सप्टेंबर १६५७ ला रांडनब्रूकला त्याचं निधन झालं. अमर्सफोर्टच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये त्याला पुरलं. सगळं काम उरकायला पुढे आणखी काही वर्षं गेली. या इमारतीत दुखावलेला तो एकटाच कलाकार नव्हता. इथल्या भिंतीसाठी रेम्ब्रांटनं काढलेलं भलंमोठं चित्र थोड्याच दिवसांत उतरवण्यात आलं. त्याचा उरलेला तुकडा आज स्टॉकहोममध्ये आहे.

मग इमारतीचा राजवाडा कसा झाला?

नेपोलियननं आपला भाऊ लुई याला हॉलंडच्या गादीवर बसवलं. १८०८ मध्ये लुईनं टाऊन हॉल आपला राजवाडा म्हणून मागितला. नाही म्हणायची शहराची टाप नव्हती. कारभार दुसरीकडे हलवला गेला. फ्रेंच गेले, पण इमारत काही महापालिकेकडे परतली नाही, कारण आता देशाचा राजा झाला होता ऑरेंज घराण्यातलाच माणूस. १९३०च्या दशकात शहरानं ती १ कोटी गिल्डरला सरकारला रीतसर विकून टाकली.

आज ॲमस्टरडॅमचा महापौर बसतो तो वॉटरलूप्लाइनवरच्या नव्या इमारतीत. आणि राजाचा कार्यक्रम नसेल त्या दिवशी कुणीही तिकीट काढून नागरिकांच्या दालनात जाऊ शकतं. संगमरवरी फरशीतलं ते जग अजूनही चालणाऱ्यांच्या पायाखालीच आहे.