निकोलो पागानिनी

व्हायोलिनवादनांत ज्याची सर दुसऱ्या कोणास आली नाहीं असें आम्ही मानतों, तो निकोलो पागानिनी १७८२ सालीं इटलींतील जिनोआ शहरीं जन्मला. त्याच्या बोटांची करामत पाहून लोक त्यास सैतानाचा सोबती म्हणूं लागले. पोप १२ वे लिओ यांनीं मात्र १८२७ सालीं त्यास सरदारकीचा मान दिला होता!

१८४० सालीं नीस येथें, मरण अजून दूर आहे या समजुतीनें, त्यानें धर्मगुरूंस परत पाठविलें. साक्रामेंतांवांचून मृत्यु आला आणि तेथील बिशपांनीं पवित्र भूमींत दफन नाकारलें. पुत्र आकिले वर्षानुवर्षें विनवण्या करीत राहिला. आम्हांस त्याचें अधिक कौतुक वाटतें. अखेर १८७६ सालीं पार्माच्या दफनभूमींत पित्यास जागा मिळाली. त्याचें व्हायोलिन मृत्युपत्राप्रमाणें १८५१ सालींच जिनोआस पोहोंचलें होतें.